खोगीरभरतीचा हिशेब : घोड्याच्या सामानात वाया गेलेला पैसा

'खोगीरभरती' हा शब्द मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. निरुपयोगी माणसांची किंवा मजकुराची भरती, असा त्याचा अर्थ आपण घेतो. मूळ शब्द मात्र आमच्या धंद्यातला आहे. खोगिराच्या आत चिंध्या, काथ्या, गवत, लोकर असे जे काही भरतात ती खोगीरभरती. ही भरती एकसारखी बसली नाही तर घोड्याची पाठ सोलते आणि घोडा तबेल्यात उभा राहतो. म्हणजे लोक जिला निरुपयोगी समजतात ती भरती खरी कामाची आहे. आणि वरची जर, पितळी फुले, घुंगरू व झगमगाट हीच खरी खोगीरभरती आहे. एवढी साधी गोष्ट समजायला आम्हाला आठ वर्षे आणि पाऊण लाख रुपये लागले. त्याचा हिशेब आज वाचक बंधूंपुढे मांडत आहोत.

आमचे घराणे टांगेवाल्यांचे. आजोबांचा टांगा स्टेशनवर उभा राहत असे. रिक्षा आल्या आणि टांगा गेला. वडिलांनी वरातीसाठी घोडी ठेवली आणि घराच्या पुढच्या खोलीत लगाम, तंग, नाल, खरारे असे सामान विकण्याचे दुकान टाकले. आज ते दुकान आम्ही दोघे भाऊ चालवतो. दुकानामागच्या तबेल्यात वरातीच्या दोन घोड्या आणि एक तट्टू आहे. म्हणजे घोड्याचे सामान आम्ही विकतोही आणि वापरतोही. विकणाऱ्याने खरेदीत फसू नये असा समज आहे. तो खोटा आहे, हे आम्ही स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकतो.

माळ्यावरचा माल

गेल्या मार्चअखेरीस मालाची मोजदाद करताना आम्ही तबेल्याचा माळा रिकामा केला. विक्रीचा माल बाजूला ठेवला आणि आमच्याच जनावरांसाठी विकत आणून न वापरलेले, किंवा वापरून फायदा न झालेले सामान अंगणात मांडले. जुन्या वह्यांतून किमती शोधल्या. यादी अशी झाली :

तयार मिळालेले कातडी खोगीर, १६,५०० रुपये. त्याच्याखाली घालायला घेतलेल्या तीन जाड गाद्या, ७,५०० रुपये. वेगवेगळ्या तऱ्हेचे १४ लगाम, ५,६०० रुपये. खुरांचे तेल, भुकट्या आणि टॉनिके, एका वर्षात ११,४०० रुपये. रबरी बुटांचे दोन जोड, ८,८०० रुपये. पायाला बांधायचे मऊ पट्टे, ३,२०० रुपये. वरातीचा दुसरा जरीचा साज, २२,००० रुपये. एकूण ७५,००० रुपये.

यातली एकही वस्तू आम्ही मूर्खपणाने घेतली असे त्या वेळी वाटले नव्हते. प्रत्येक खरेदीमागे काही ना काही अडचण होती. घोडी लंगडत होती, मान झटकत होती, अंग धरत नव्हती. अडचण खरी होती, पण तिचे कारण शोधण्याआधी आम्ही वस्तू शोधली. चूक झाली ती एवढीच, पण ती सात वेळा झाली.

खोगीर : दिसायला राजा, पाठीवर काटा

आपल्याकडे घोड्याच्या बाजाराला गेले की जनावराबरोबर सामानही घेण्याची रीत आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास मोठा घोडेबाजार भरतो. अशा बाजारांत जनावरांच्या रांगांशेजारीच साज, लगाम, चाबूक, घुंगरू यांची दुकाने लागतात. जनावराचा सौदा झाला की माणूस खुशीत असतो, खिशात उरलेले पैसे असतात, आणि 'एवढी घोडी घेतली, आता खोगिरात कशाला कंजुषी' असा विचार येतो. आमचेही तसेच झाले. अशाच एका बाजारात आम्ही घोडी घेतली आणि त्याच पावली समोरचे चकचकीत खोगीर घेतले. कातडे उत्तम, शिलाई बारीक, वास नव्या कोऱ्या चामड्याचा. फक्त ते घोडीच्या पाठीवर ठेवून पाहिले नाही.

घोडी अंगाने भरलेली, रुंद पाठीची. खोगिराचा आतला लाकडी सांगाडा अरुंद. मान संपून पाठ सुरू होते तेथे जो हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना तो सांगाडा चिमटा घेऊ लागला. घोडी तंग कसताना कान मागे घेऊ लागली, चावायला वळू लागली. आम्हाला वाटले, जनावर खोडकर आहे. मग पाठ गरम लागू लागली, म्हणून आम्ही मऊ गादी आणली. त्रास वाढला, म्हणून त्याहून जाड गादी आणली. मग आणखी एक.

आमच्या दुकानात जुने साज शिवणारे एक चाचा बसतात. त्यांनी तिसरी गादी पाहिली आणि विचारले, "बेटा, टोपी डोक्याला लहान पडत असेल तर तुम्ही आत रुई भरता का?" आम्ही गप्प राहिलो. अरुंद सांगाड्याखाली जितकी जाड गादी घालावी तितका तो अधिक घट्ट बसतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. पण तोवर उशीर झाला होता. ऐन लग्नसराईत पाठीवर दोन्ही बाजूंना जखमा झाल्या. डॉक्टरांनी पाठीवर काहीही ठेवू नका असे सांगितले. त्या हंगामातल्या ११ वराती सोडाव्या लागल्या. आमच्याकडे वरातीचे ४,५०० रुपये होते, म्हणजे ४९,५०० रुपयांची कमाई बुडाली. ही रक्कम वरच्या पाऊण लाखात धरलेली नाही. शिवाय ज्या घरांना आम्ही शब्द दिला होता त्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली, त्याची तर किंमतच होत नाही.

आता खोगीर घेताना आम्ही जे पाहतो ते येथे देतो. याला एक पैसाही लागत नाही.

पहिले, खोगीर गादीशिवाय, नुसत्या पाठीवर ठेवावे. समोरची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यामध्ये दोन-तीन बोटे जागा राहावी. बोट शिरत नसेल तर सांगाडा रुंद आहे आणि खोगीर हाडावर बसणार. चार बोटांहून जास्त जागा राहिली आणि खोगीर पुढून उचललेले दिसले तर सांगाडा अरुंद आहे. दुसरे, मागून वाकून पाहावे. कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. वजन कण्यावर पडता कामा नये, ते दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावे. तिसरे, खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये, कारण त्यापुढच्या कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो. चौथे, अर्धा-पाऊण तास काम करून खोगीर उतरवावे आणि घाम पाहावा. घाम सगळीकडे सारखा आला असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तेथे दाब जास्त आहे.

जुने जनावर विकत घेतानाही हेच ध्यानात ठेवावे. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे डाग दिसले तर ती बहुधा जुन्या दाबाची किंवा जखमेची खूण असते. विकणारा काही म्हणो, ती पाठ स्वतःच सांगते.

सांगाडा बदलता येत नाही, भरती मात्र बदलता येते. चाचांनी घोडीचे माप घेऊन साधे, बिननक्षीचे खोगीर ७,००० रुपयांत तयार करून दिले. दर हंगामाआधी त्यातली लोकर काढून, पिंजून ते पुन्हा भरतात. त्या घोडीची पाठ त्यानंतर सोलली नाही.

लगाम : १४ लोखंडे आणि एक दात

आमची दुसरी घोडी मान झटकायची आणि एका बाजूला वळायला तयार नसे. कोणी म्हणाले लगाम बदला. बदलला. कोणी म्हणाले जरा कडक घाला. घातला. असे करता करता पेटीत १४ लगाम जमले. गोल कड्यांचा, लांब दांड्यांचा, पिळाचा, साखळीचा. एक तर काटेरी होता.

काटेरी लगामाविषयी येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. त्यांनुसार काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम आणि साज वापरण्यास मनाई आहे. त्याच नियमांत जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवू नये, आणि तापमान ३७ अंशांवर गेले असेल तर दुपारी १२ ते ३ काम घेऊ नये असेही आहे. तरीही काटेरी लगाम बाजारात मिळतो आणि आपलेच लोक तो विकतात, वापरतात. तो विकणे आम्ही बंद केले. ज्या वस्तूने जनावराचे तोंड फाटते आणि गिऱ्हाईक कायद्याच्या कचाट्यात सापडते, तिच्या कमाईत बरकत नाही.

घोडीच्या मान झटकण्याचे कारण शेवटी निघाले ते दातांत. घोड्याची दाढ आयुष्यभर हळूहळू वर येत राहते आणि चघळण्याने झिजत राहते. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात. त्या गालाला आणि जिभेला कापतात. पशुवैद्यांनी कानस लावून त्या कडा बोथट केल्या आणि घोडी आठवड्याभरात साध्या लगामावर वळू लागली. दात तपासले असते तर १३ लगाम घ्यावेच लागले नसते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आता वर्षातून एकदा दात तपासून घेतो. लगाम गुळगुळीत, साधा आणि तोंडाच्या रुंदीचा घेतो. दोन्ही बाजूंना लोखंड ओठांबाहेर अर्धा सेंटीमीटर दिसावे. त्याहून कमी असेल तर ओठ चिमटतात, फार जास्त असेल तर लोखंड तोंडात सरकत राहते.

खूर : तेलाने वाढत नाही

खुरांना भेगा पडल्या म्हणून आम्ही तेल आणले. तेलाने चमक आली, भेगा तशाच राहिल्या. मग भुकटी आणली. महिनाभराने फरक नाही म्हणून दुसरी आणली, मग तिसरी. एवढे करूनही घोडी रस्त्यावर अडखळते म्हणून परदेशी धाटणीचे रबरी बूट आणले. ते पायाला नीट बसले नाहीत. आत खडे आणि चिखल शिरून टाचेला घासू लागले.

याबाबत जे शिकलो ते असे. खूर म्हणजे आपल्या नखासारखे. ते वरून, केसांच्या रेषेपासून खाली वाढते, महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर किंवा त्याहून थोडे कमी. पुढची पूर्ण भिंत नवी यायला साधारण वर्ष लागते. म्हणून कोणतीही भुकटी महिन्याभरात खूर सुधारते असे कोणी सांगत असेल तर हात जोडून पुढे जावे. बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाचा काही घोड्यांच्या खुरांना उपयोग होतो हे खरे आहे. पण तो पूर्ण मात्रेत, रोज, सहा-नऊ महिने किंवा त्याहून जास्त दिल्यावर. मोठ्या घोड्याला रोज २० मिलीग्रॅम ही मात्रा मानली जाते. आम्ही आणलेल्या डब्यावर मात्रा वाचली तेव्हा कळले की, तेवढे बायोटिन पोटात जायला डबा चार दिवसांतच संपला असता.

खरे दुखणे वेगळेच होते. आम्ही नालबंदाला तीन-तीन महिने बोलावत नव्हतो. नाल झिजली नाही, मग कशाला बदलायची, असा आमचा हिशेब. पण नाल झिजली नाही तरी खूर वाढत असते. पुढचा भाग लांब होतो, टाच दबते, भिंतीवर ताण येतो आणि भेग पडते. आता नालबंद दर सहा आठवड्यांनी येतात. खूर तासतात, नाल चांगली असेल तर तीच पुन्हा ठोकतात. चार नालांचे आमच्याकडे ७०० रुपये पडतात. वर्षाचा खर्च घोडीमागे सुमारे ६,००० रुपये होतो. पूर्वी तो २,८०० होता. हा वाढलेला खर्च टाळण्यासाठी आम्ही २०,२०० रुपये तेल, भुकटी आणि बुटांत घातले होते.

आमच्या नालबंद बांधवांनाही एक विनंती आहे. तयार नालेच्या मापाने खूर कापू नये. पायाप्रमाणे नाल वाकवावी, नालेप्रमाणे पाय कापू नये. जुन्या उस्तादांचा हा नियम घाईत मोडला जातो, आणि मग दोष नालेला किंवा जनावराला लागतो.

तोबरा : मापाचा डबा आणि तूकाटा

घोडी अंग धरत नाही म्हणून टॉनिकांच्या बाटल्या आल्या. त्या काळात चंदी आम्ही डब्याने मोजत होतो. सकाळी एक डबा, संध्याकाळी एक डबा. हरभरा महाग झाला की त्यात कोंडा वाढवायचो. डबा तोच, म्हणजे खुराक तोच असे वाटायचे. एके दिवशी ३५० रुपयांचा टांगता तूकाटा आणला आणि दोन्ही तोलून पाहिले. तोच डबा हरभऱ्याने भरला तर त्याचे वजन कोंड्याच्या दुपटीहून जास्त भरले. घोडी उपाशी होती आणि आम्ही तिला औषध देत होतो.

पशुवैद्यांचा ढोबळ नियम असा की, घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडे खाणे हवे, आणि त्यातला मोठा भाग गवताचा. ३०० किलोच्या घोडीला म्हणजे रोज ६ किलो, त्यातले निदान साडेचार किलो वाळलेले गवत. घोड्याचे पोट लहान, म्हणून एकदम तोबरा भरण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा द्यावे. बुरशी लागलेले गवत किंवा दाणा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पोटशूळ झाला तर जनावर एका रात्रीत जाते. पाणी १०० किलो वजनाला रोज निदान ५ लिटर, उन्हात आणि कामावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. घामातून मीठ जाते, म्हणून साधे मीठ द्यावे. गवत, पाणी, मीठ आणि जंतांचे औषध या चार गोष्टी पुऱ्या झाल्या की बहुतेक टॉनिकांचे काम उरत नाही.

दवाखान्यावरचा खर्चही आम्ही पूर्वी टाळत होतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो; तबेल्यातला एक गंजका खिळा पुरतो. त्याच्या लशीचा खर्च टॉनिकाच्या एका बाटलीपेक्षा कमी. नवे जनावर घेण्याआधी ग्लँडर्स रोगासाठी रक्त तपासून घ्यावे. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, आणि रोग निश्चित ठरलेले जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवण्याविषयी विचारावे.

जरीचा दुसरा साज

यादीतली सर्वांत मोठी रक्कम वरातीच्या दुसऱ्या साजाची आहे. गावात एकाने नवा साज आणला, म्हणून आम्ही त्याहून भारी आणला. तो इतका जड की घोडी तासाभरात घामाघूम होई. ओला झाला की धुता येत नसे. दोन पावसाळ्यांत जर काळी पडली. आणि आठ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने 'तो भारी साज घालून आणा' असे सांगितले नाही. लग्नघरचे लोक विचारतात ते एकच : घोडी शांत आहे ना? बँड वाजला, फटाका फुटला तर उधळणार नाही ना? तिला बँडची सवय करण्यात एक महिना घातला असता तर तोच खरा साज झाला असता.

धंदा बदलला की कोणते सामान विकले जाईल, हाही विचार खरेदीच्या वेळीच करावा. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. अशा वेळी गाडीवरच्या चकचकीत पत्र्याला आणि कापडी फुलांना दुसरे गिऱ्हाईक नसते. माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून घोडा हे तेथले मोठे वाहन. पण डिसेंबर २०२२ मध्ये तेथेही प्रायोगिक ई-रिक्षा धावू लागल्या. ज्यांची रोजी घोड्यावर आहे त्यांनी आता प्रत्येक वस्तू घेताना विचारावे, उद्या गाशा गुंडाळायची वेळ आली तर हिचे काय येईल? चांगले साधे खोगीर, चांगला तंग, चांगला लगाम यांना केव्हाही गिऱ्हाईक मिळते. झगमगाटाला मिळत नाही.

कारागीर बंधूंसाठी

हा हिशेब फक्त खरेदी करणाऱ्याचा नाही. आमच्या दुकानातही तयार मालात सुमारे ६०,००० रुपये अडकून पडले होते. एकाच मापाची खोगिरे, एकाच रुंदीचे लगाम. माल पडून राहिला की कातडे सुकते, शिलाई कुजते, आणि शेवटी तो एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याचा मोह होतो. आम्हाला बाजारात ज्याने फसवले असे आम्ही म्हणतो, त्याच्यात आणि आमच्यात मग फरक काय राहिला?

तयार मालात मोठ्या केंद्रांशी आपण टक्कर देऊ शकत नाही. कानपुरात १८६० च्या दशकात सरकारी साज व खोगीर कारखाना निघाला, तेव्हापासून तेथे हा उद्योग रुजला. आजही देशातून परदेशी जाणाऱ्या खोगिरांचे ते मोठे केंद्र आहे आणि तेथल्या खोगिरांना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आहे. पण कानपूरचा कारागीर आपल्या गावातल्या घोडीची पाठ पाहू शकत नाही. आपण पाहू शकतो. आपले भांडवल ते आहे.

आम्ही आता माप असे घेतो. हाताने वाकेल पण आकार धरून ठेवेल अशी जाड तार घ्यावी. जनावर सपाट जमिनीवर उभे करावे. खांद्याच्या फळीच्या मागे तार पाठीवर आडवी दाबून बसवावी, अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी आणि पेन्सिलीने रेघ मारावी. तसेच पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी करावे. तीन रेघा, त्यांवर जनावराची खूण आणि तारीख. पुठ्ठा कापून तो सांगाड्याखाली धरला की कोठे दाब येईल ते डोळ्यांना दिसते. जनावर बारीक झाले किंवा भरले की पाठीचा आकार बदलतो, म्हणून दर हंगामाला नवे माप घ्यावे. या भेटीत भरती दुरुस्त करण्याचे, तंग शिवण्याचे, बकले बदलण्याचे काम मिळते. आमच्या दुकानात आज विक्रीपेक्षा दुरुस्तीची कमाई जास्त आहे, आणि त्यात माल अडकत नाही.

गिऱ्हाइकाला सामान सांभाळण्याचेही सांगावे. काम संपले की कातड्यावरचा घाम ओल्या फडक्याने पुसावा; घामातले मीठ कातडे खाते. उन्हात वाळवू नये, सावलीत वाळवावे. अधूनमधून तेलाचा हलका हात द्यावा. तंगाची आणि रिकिबीच्या पट्ट्याची शिलाई दर वेळी ओढून पाहावी. रस्त्यात तंग तुटला तर माणूस खाली येतो.

तात्पर्य

दुकानाच्या वहीत आम्ही आता घोड्याच्या खर्चाची दोन खाती केली आहेत. एका खात्यात जनावराच्या पाठीला, तोंडाला, पायाला आणि पोटाला जे लागते ते. दुसऱ्या खात्यात लोकांच्या डोळ्यांसाठी जे लागते ते. पहिल्या खात्यात कंजुषी करायची नाही. दुसऱ्या खात्यात पहिले पुरे झाल्याशिवाय एक पैसा टाकायचा नाही. आपल्या घरांत उधळपट्टीला इसराफ म्हणतात. आमची उधळपट्टी मौजेत झाली नव्हती, काळजीपोटी झाली होती, तरी पैसा गेला तो गेलाच.

माळ्यावरच्या सामानापैकी पितळ मोडीत घातले. काटेरी लगाम स्वतः ठोकून मोडला. साजाच्या कापडाचे झूल शिवून तट्टूला घातले. ते १६,५०० रुपयांचे खोगीर मात्र दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगले आहे. कातडे अजून सुंदर दिसते. येणारे गिऱ्हाईक हमखास त्याचीच किंमत विचारते. आम्ही सांगतो, ते विक्रीला नाही. तुमच्या घोडीच्या पाठीचे माप आणा, मग बोलू.